पुलावरचा ठिपका

१ सप्टेंबर, सोमवार

गुडघ्याचं ऑपरेशन झालं, टाके निघाले, पण डॉक्टर म्हणतात अजून दीड महिना क्लच दाबायचा नाही. क्लच न दाबता टेम्पो चालत नाही, असं त्यांना सांगितलं. ते हसले. इथे माणसाचा धंदा बसायची वेळ आलीय आणि यांना हसू येतंय.

आमचा धंदा आजारी माणसांचं सामान भाड्याने द्यायचा. वर-खाली होणारी खाट, व्हीलचेअर, वॉकर, ऑक्सिजनचं मशीन. लोकांना हे सगळं घाईघाईने हवं असतं, आणि गरज संपली की डोळ्यांसमोरही नको असतं. पोचवायला मीच, परत आणायलाही मीच, इतकी वर्षं. आजपासून टेम्पो जावई चालवणार. त्यांचा छापखाना बंद पडला, तेव्हापासून लेक चिऊ आणि ते आमच्याच घरात वरच्या खोलीत राहतात. स्वभावाने शांत आहेत. जरा जास्तच शांत. पोटात काय आहे याचा थांगपत्ता लागत नाही.

चिऊने टेम्पोसाठी वेगळा फोन आणला, समोरच्या काचेजवळ अडकवायचा. जावयांनी त्यात भलत्याच कंपनीचं कार्ड घातलं. मी म्हटलं, "घरात सगळ्यांचं एका कंपनीचं आहे, तुमचंच का वेगळं?"

"बाबा, टेकडीपलीकडे तुमच्या कंपनीची रेंज जाते. शिवाय माझा फोन मोडलाय. आईशी बोलायलाही हाच होईल, तिच्याकडे हीच रेंज येते."

उत्तर अगदी तयार होतं. ज्यांची उत्तरं तयार असतात त्यांच्याबद्दल मला आधीपासूनच शंका वाटते.

चिऊने माझ्या फोनवर एक नकाशा उघडून दिला. टेम्पो जिथे जाईल तिथे निळा ठिपका फिरतो. "घरबसल्या दिसत राहील तुम्हाला. मग जिवाला घोर नको," म्हणाली. घोर कोणाला आहे? लक्ष ठेवणं वेगळं आणि घोर वेगळा.

३ सप्टेंबर, बुधवार

हा ठिपका म्हणजे कमाल चीज आहे. खुर्चीत बसून, पाय स्टुलावर ठेवून मी सगळं गाव फिरतो. आमच्या कंपनीचंही मानलं पाहिजे. स्पीकर लावून बोलत बसलं तरी नकाशा डोळ्यांसमोर चालूच राहतो.

आज जावयांना चांगला सविस्तर फोन केला. चढावर दुसरा गिअर टाका, खाटेचे पाय पोत्यात गुंडाळा, पाण्याच्या टाकीपाशी खड्डा आहे, जिन्यात खाट उभी करून न्या, आडवी नेलीत तर भिंतीचा रंग जातो आणि शिव्या आपल्याला बसतात. सगळ्याला "हो बाबा". ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, उंटावरून शेळ्या हाकणं थांबवा. त्यांना रस्त्याकडे बघू द्या."

एक गोष्ट मात्र टिपून ठेवतो. मी बोलत होतो तेवढा वेळ ठिपका पाण्याच्या टाकीपाशी उभा. जागचा हलला नाही. बोलणं संपलं आणि थोड्या वेळाने बघतो तर पेट्रोल पंपावर! मधला सगळा बाजाररस्ता कुठे गेला? आमच्या टेम्पोला पंख फुटल्याचं मला कोणी सांगितलेलं नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज व्हीलचेअर उशिरा पोचली. त्या घरच्या माणसाने मला फोन करून झापलं. माझ्या हयातीत असं झालेलं नाही.

जेवताना विचारलं. जावई म्हणाले, "बाबा, राग मानू नका, पण मी वळणावर असताना तुमचा फोन आला. फोन चालू असला की या कार्डावर नेट बंद पडतं. वळण चुकलं की मग नकाशा पुढचा रस्ताच सांगत नाही. मी त्या कालव्याच्या बाजूला गेलो."

म्हणजे मी फोन करतो म्हणून ते रस्ता चुकतात! उद्या टायर पंक्चर झालं तरी मीच जबाबदार. माझ्या फोनवर दोन्ही एकाच वेळी चालतं, मग त्यांच्याच फोनला काय धाड भरलीय? एवढंच आहे तर मी काय बोलायचं सोडून देऊ?

"मग तुम्ही फोन कमी करा ना," ही म्हणाली. हिचं मला कळतच नाही. जावयाचा विषय निघाला की ही पक्ष बदलते.

९ सप्टेंबर, मंगळवार

टेकडीवरच्या बाईंचा फोन आला होता. त्यांच्या आई आपल्या ऑक्सिजनच्या मशीनवर आहेत. बाई शाळेत शिकवतात, घरात त्या दोघीच. भाड्याची मुदत वाढवायला फोन केला आणि जाता जाता म्हणाल्या, "तुमचे जावई किती चांगले आहेत हो. रोज जाता-येता आईची चौकशी करून जातात. मशीनची जाळीही धुऊन देतात."

रोज?

माझ्या वेळी मी जाळी पंधरवड्याने धूत असे, आणि तीही त्यांना कशी धुवायची ते शिकवून यायचो. रोज जाऊन धुण्याइतकी त्या जाळीत काय धूळ बसते? शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. दुपारी झोपच आली नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

आज डोळ्यांत तेल घालून बसलो. चहा झाल्यावर ठिपका टेकडी चढायला लागला. बाईंच्या घरापाशी गेला. मी लगेच फोन लावला.

"कुठे आहात?"

"टेकडीवर बाबा. जाळी साफ करून निघतोच आहे."

चला, निदान कबूल तरी केलं. मग मी मुद्दाम बोलणं लांबवलं. जुन्या खाटांचं हँडल कसं फिरवायचं, ग्रीस कुठे लावायचं, गोदामाच्या कुलपाला कोणती किल्ली. मागून गाडीचा आवाज येत होता. शेवटी अगदी सहज विचारलं, "आता कुठपर्यंत आलात?"

"पुलावर."

आणि ठिपका टेकडीवर! बाईंच्या दारात! मी चष्मा पुसून बघितला. इतकं धडधडीत खोटं, आणि आवाजात जराही फरक नाही. गाडीचा आवाज काय, इंजिन चालू ठेवूनही येतो.

कुठेतरी पाणी मुरतंय.

१३ सप्टेंबर, शनिवार

तीन दिवस रोज तेच. मी फोन करतो, ठिपका थिजतो. मी फोन ठेवतो, काही वेळाने ठिपका टुणकन दुसरीकडे. फोन वाजला की यांना कळतं, म्हातारा बघतोय. मग काहीतरी बटण दाबून जागा लपवत असणार, आणि माझं बोलणं झालं की पुन्हा सुरू करत असणार. मी फोन केला नाही तर ठिपका आपला निमूट चालतो. म्हणजे किती सावध माणूस आहे बघा. मी बघतोय हे कळल्याशिवाय लपवतसुद्धा नाही.

हिला दाखवलं. गाडीचा आवाज काय, इंजिन चालू ठेवूनही येतो, हेही सांगितलं. हिने फोन नाकाजवळ धरला. "त्या ठिपक्याखाली काहीतरी बारीक अक्षरांत लिहिलंय."

"जाहिरात असेल."

"वाचा तरी."

"जाहिराती वाचायला बसलोय का मी?"

हिने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "गुडघ्याचं ऑपरेशन झालं तुमचं. डोक्याला वेळ मोकळा मिळाला, त्याचं हे सगळं." हिला जावयाचं वाईट दिसतच नाही, मग बोलून उपयोग काय.

चिऊला सांगावं का? पोटची पोर आहे. उद्या तिला बाहेरून कळलं तर म्हणेल, बाबा, तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही गप्प बसलात. माझा तर जीव टांगणीला लागलाय. पण सांगायचं म्हणजे तिच्या संसारात हात घालायचा. आज नुसतीच तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. ती जावयांच्या शर्टाचं बटण लावत बसली होती, गुणगुणत. परत फिरलो.

१५ सप्टेंबर, सोमवार

सांगितलं.

ती आधी हसली. मग रागावली. मग म्हणाली, "बाबा, तुम्हाला तो पहिल्यापासून आवडत नाही." मी म्हटलं, "आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. माझ्या शब्दावर जाऊ नकोस. उद्या तू सुट्टी घे आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ." मला वाटतं हे मी अगदी न्यायाचं बोललो. कोणावर आरोप केला नाही, फक्त बघ म्हटलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

लॅबमधल्या कामाला दांडी मारून चिऊ माझ्या शेजारी बसली. नकाशा माझ्या फोनवर उघडा, टेबलावर मधोमध. फोन तिने तिच्या फोनवरून लावला, म्हणजे मी मध्ये नको.

ठिपका टेकडीवर पोचला तेव्हा तिने नंबर लावला. आवाज एकदम गोड. "काय करतोस?" वगैरे. मी खिडकीकडे बघत बसलो, बापाने ऐकू नये असं काही निघालं तर. पण ती दोघं घरातल्याच गोष्टी बोलत होती. नळ गळतोय, त्याच्या आईचा चष्मा, रविवारी कुठे जायचं. बोलता बोलता तो म्हणाला, "आता पूल ओलांडला. बेकरीपाशी थांबतो, तुला काही आणू का?"

चिऊने नकाशाकडे बघितलं. मीही बघितलं. ठिपका टेकडीवर.

"नको," ती म्हणाली. "काही नको." आणि तिने फोन बंद केला.

मी म्हटलं, "बघितलंस?" ती उठून वर गेली. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ही माझ्याशी दिवसभर बोलली नाही. पाणी दिलं तेसुद्धा भांडं आपटून.

संध्याकाळी जावई आले ते हातात बेकरीचा पुडा घेऊन. तो पुडा टेबलावर तसाच पडून आहे. अर्थात, पुडा काय, परत येताना कुठूनही घेता येतो.

१७ सप्टेंबर, बुधवार

वरच्या खोलीत भांडण झालं. आवाज चढले नाहीत, हेच जास्त वाईट वाटलं. मी जिन्याखाली उभा होतो, म्हणजे गुडघ्याचा व्यायाम करत होतो.

चिऊ म्हणत होती, "मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"मी पुलावरच होतो."

"ठिपका टेकडीवर होता."

"मग ठिपक्याला विचार."

मग जावयांचा आवाज आला. "तू शेजारी बाबांना बसवून मला फोन केलास? रविवारी कुठे जायचं ते विचारत होतीस, ते बघण्यासाठी?"

पुढे ऐकवेना. मी बैठकीत येऊन बसलो. खरा माणूस अशा वेळी शपथा घेतो, तमाशा करतो, बाईंना फोन लावून समोर उभं करतो. हे नुसते एवढंच म्हणाले. मला यातही डाव दिसतो. पण कोणता, ते अजून नीट जुळत नाहीये.

१८ सप्टेंबर, गुरुवार

जावई सकाळी एक पिशवी घेऊन खाली आले. टेम्पोची किल्ली, गोदामाची किल्ली आणि तो फोन टेबलावर ओळीने ठेवला. "आईकडे जातो, बाबा. टेम्पो धुतलाय. मागचं डावं चाक जरा बसतंय, हवा बघून घ्या." हिला वाकून नमस्कार केला, मलाही केला. चिऊ वरून खाली आली नाही.

मी म्हटलं, "या मग." दुसरं काय म्हणणार?

ही दारात उभी राहून ते वळेपर्यंत बघत होती. मग आत आली आणि मला म्हणाली, "आता बसा ठिपका बघत."

ठिपका अंगणात उभा आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

चिऊ लॅबला जाते, येते, जेवते. विचारलं तर बरी आहे म्हणते. तिच्या डोळ्यांखाली काळं आलंय. आज तिने वरून बेकरीचा रिकामा पुडा आणून कचऱ्यात टाकला. म्हणजे खाल्लं होतं तिने. एकटीने बसून खाल्लं.

मी जे केलं ते तिच्या भल्यासाठीच केलं. हे वाक्य लिहून पाहिलं. वाचायला बरं वाटत नाही, पण खोडतही नाही.

दोन घरच्या खाटा परत आणायच्या आहेत. भाड्याचा ड्रायव्हर मिळेना.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज जे झालं ते सगळं नीट लिहायला हवं.

सकाळी टेकडीवरच्या बाईंचा घाबरून फोन आला. मशीन सारखं पिप् पिप् करतंय, आईंना दम लागतोय, राखीव सिलिंडर लावलाय पण लवकर या. घरात टेम्पो चालवणारं दुसरं कोणी नव्हतं, चिऊ लॅबला गेलेली. मी दुसरं मशीन चढवलं आणि क्लच दाबला. गुडघ्यातून कळ आली ती डोक्यापर्यंत. हिने खूप आरडाओरडा केला, मग स्वतःच मशीनला दोरी बांधू लागली. माझा फोन हिच्याकडे ठेवला, गिऱ्हाइकांचे फोन त्याच्यावर येतात म्हणून. काचेजवळ गाडीचा फोन होताच.

पोचलो, मशीन बदललं. आजींचा श्वास हळूहळू जागेवर आला. उशीला टेकून त्या माझ्याकडे बघत होत्या. बाईंनी पाणी दिलं आणि विचारलं, "जावई दिसले नाहीत?"

"गावी गेलेत."

आजी हसल्या. तोंडावरचा मास्क बाजूला करून म्हणाल्या, "म्हणजे ते सासरे तुम्हीच का? मशीन साफ करत असतानाच तुमचा फोन यायचा. स्पीकर लावायचे आणि हो बाबा, हो बाबा करत करत गाडीत जाऊन बसायचे. मी हिला म्हणायची, किती जीव लावतात बघ सासरे."

"जाळी रोज लागत नाही हो धुवायला," बाई म्हणाल्या. "पण आईला भीती वाटते ना, मशीन बंद पडेल म्हणून. ते येऊन बघून गेले की तिला दिवसभर बरं वाटायचं."

मी पाणी प्यायलो.

परत निघालो आणि टेकडी उतरायच्या आतच हिचा फोन. मी स्पीकर लावला. आजी कशा आहेत, गुडघा कसा आहे, हळू चालवा, समोर बघा, दुधाचं काय करू, तुमचं औषध कुठे ठेवलंय. ही बोलायला लागली की मध्ये टिंब नसतं. मी पूल चढलो तेव्हा म्हणाली, "अहो, अजून तिथेच आहात? निघा ना आता."

"कुठे तिथेच?"

"टेकडीवर. बाईंच्या दारात."

"मी पुलावर आहे."

"ठिपका टेकडीवर आहे."

"अगं, खाली नदी दिसतेय मला!"

ही मग अगदी माझ्याच आवाजात म्हणाली, "गाडीचा आवाज काय, इंजिन चालू ठेवूनही येतो." आणि हसायला लागली. हसत हसत मध्येच गप्प झाली.

मी टेम्पो पुलाच्या कडेला घेतला. काचेजवळच्या फोनकडे बघितलं. नकाशा थिजलेला, वर पट्टी आलेली: इंटरनेट नाही.

"फोन ठेव," मी म्हटलं. "ठेव आणि नकाशाकडे बघत राहा. मग परत कर."

थोड्या वेळाने हिचा फोन आला. "तुम्ही ठेवल्यावर ठिपका पुलावर आला हो." मी बोलणं चालू ठेवून टेम्पो बेकरीपर्यंत नेला. विचारलं, आता? "पुलावरच." हिच्या आवाजातलं हसू पार गेलं होतं. "आणि ते बारीक अक्षर मी आत्ता वाचलं. जाहिरात नाही ती. काही मिनिटांपूर्वीचं ठिकाण, असं लिहिलंय."

बेकरीपाशी बराच वेळ बसून राहिलो. बटण नाही, डाव नाही, काही नाही. फोन लागला की त्या कार्डावर नेट बंद. त्यांनी मला जेवताना सांगितलं होतं. मीच इथे लिहूनही ठेवलंय, आणि वर त्यांची टिंगलही केलीय. ठिपका मी थांबवत होतो. रोज, स्वतःच्या हाताने. टेकडीवर पोचले की मीच फोन करायचो आणि मीच म्हणायचो, बघा कसे टेकडीवर अडकलेत.

आणि ते रस्ता चुकायचे तेही माझ्यामुळेच.

मला फार लाज वाटतेय. गुडघा सुजून टम्म झालाय, त्याचं काही वाटत नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

चिऊला सांगितलं. नुसतं सांगून भागलं नाही, करून दाखवलं. माझा फोन हातात घेऊन, गाडीच्या फोनवर हिच्याशी बोलत ती अंगणातून गल्लीच्या टोकापर्यंत गेली, आणि ठिपका दारातच उभा.

मला वाटलं ती माझ्यावर ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "मी त्याला विचारलंच नाही, बाबा. समोर बसवून एकदाही विचारलं नाही. नुसतं तपासलं."

"मी तुला बसवलं तपासायला."

"हो. तुम्ही बसवलंत." थोड्या वेळाने म्हणाली, "पण फोन मी लावला."

मग रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने काढला नाही, एवढंच.

विहीणबाईंना फोन लावायचा म्हणून दुपारी नंबर काढला. बोट हिरव्या बटणावर नेलं आणि परत आणलं. काय सांगणार? तुमचा मुलगा पुलावर होता, हे मला आता कळलंय? संध्याकाळी परत लावला. त्या म्हणाल्या, "तो बाहेर गेलाय. काही निरोप आहे का?" मी म्हटलं, "नाही, सहज." सहज! साठी उलटली तरी मला दोन शब्द बोलता येत नाहीत.

२५ सप्टेंबर, गुरुवार

चिऊ पहाटे टेम्पो घेऊन गेली. तिला चालवता येतो, मीच शिकवलाय. मी म्हटलं, बसने जा. ती म्हणाली, "नाही. टेम्पो घेऊन आले तर त्याला कळेल की तुम्हीही पाठवलंय."

किल्ली मी दिली. गाडीचा फोन पुसून काचेजवळ मीच अडकवला. निघताना तिने विचारलं, "नकाशा बंद करू का तुमच्या फोनवरचा?"

"राहू दे," मी म्हटलं. "पण मी फोन करणार नाही."

दिवसभर ठिपका चालला. बेकरी, पूल, टेकडीचा पायथा, मग मी कधी न गेलेले रस्ते. एकदाही थांबला नाही, उडी मारली नाही. फोन उचलायचा मोह किती वेळा झाला ते लिहीत नाही. पुढे वळणाचा रस्ता होता, तिला फोन करून सांगावंसं वाटलं की हॉर्न वाजवत जा. ही समोर बसून शेंगा सोलत होती. तिने माझा फोन काही हिसकावला नाही, नुसती माझ्या हाताकडे बघत राहिली.

दुपारनंतर ठिपका एका गावात शिरला आणि एका घरापाशी उभा राहिला. आता तो खरोखरच उभा होता.

२७ सप्टेंबर, शनिवार

ठिपका तिथेच. दोन दिवस. चिऊचा एक फोन हिला आला, "मी बरी आहे, बोलतोय आम्ही." बस्स. बोलतोय म्हणजे काय बोलतायत? माझ्याबद्दलच असणार. बोलू देत. बोलण्यासारखं आहेच.

गिऱ्हाइकांना सांगितलंय, सोमवारपर्यंत थांबा. एकजण म्हणाला, आजारी माणूस थांबतो का? खरं आहे. टेकडीवरच्या बाईंना मात्र रोज फोन करून आजींची विचारपूस करतोय. आज आजी स्वतः बोलल्या. "जावई आले का?" मी म्हटलं, नाही अजून. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही जाऊन आणा ना." सगळ्यांना कसं सोपं वाटतं.

२८ सप्टेंबर, रविवार

सकाळी ठिपका हलला. इकडे तोंड करून. मी हिला हाक मारली तर ही आधीच माझ्या मागे उभी होती.

टेम्पोत कोण आहे ते ठिपक्यावरून कळत नाही. एकटी चिऊ की दोघं? सबंध वाट मी त्या निळ्या ठिपक्याकडे बघत राहिलो, आणि त्यातून तेवढंच कळेना. तो टेकडीच्या पायथ्याशी आला. मग पुलावर आला, आणि माझा फोन वाजला. नाव आलं: गाडी.

ठिपका पुलावर थांबला. या खेपेस का थांबला ते मला माहीत होतं.

"बाबा," जावयांचा आवाज. "चिऊ चालवतेय. म्हटलं आधी फोन करावा."

मला म्हणायचं होतं खूप. तोंडातून आलं, "डाव्या चाकात हवा भरलीय."

"बरं झालं."

"जेवलात का?"

"निघताना आईने खायला लावलं."

मागे इंजिनाचा आवाज येत होता. हिने मला कोपराने ढोसलं. मी म्हटलं, "चुकलो मी. तुम्ही सांगितलं होतंत आणि मी ऐकलं नाही. तुमच्यावर खोटेपणाचा आळ घेतला, आणि पोरीलाही त्यात ओढलं. माफ करा."

अशी माफी मी कोणाची कधी मागितली नव्हती. पलीकडे शांत.

"हॅलो? ऐकू येतंय ना?"

"येतंय, बाबा." ते म्हणाले. "तुम्ही इतके फोन करायचात ना, मला बरं वाटायचं. छापखान्यात मला कोणी कधी विचारलं नाही, कुठे आहेस म्हणून. चिऊला म्हणायचो, बाबांना काळजी वाटते. मग त्या दिवशी कळलं की ती काळजी नव्हतीच."

"नव्हती," मी म्हटलं. खोटं बोलण्यात आता काय अर्थ होता? "आता आहे."

ते हसले की नाही ते नीट कळलं नाही. म्हणाले, "तुमचा गुडघा बरा होईपर्यंत टेम्पो मी चालवतो. मग आम्ही तिकडेच राहायला जाऊ म्हणतोय. एका छापखान्यात काम मिळतंय. चिऊलाही तिथे लॅब बघू."

स्पीकरवर हिने सगळं ऐकलं होतं, ती पदराने डोळे पुसत होती. मी म्हटलं, "बरं." आणि मग म्हटलं, "तिथे तुमच्याच कंपनीची रेंज आहे ना? मीही तेच कार्ड घेतो." आता मात्र ते नक्की हसले, आणि मागून चिऊसुद्धा.

मग आम्ही बोलत बसलो. आजी कशा आहेत ते सांगितलं. त्या तुमची वाट बघतायत म्हटलं. त्यांनी विहीणबाईंच्या चष्म्याचं सांगितलं. मी क्लचबद्दल एक शब्द बोललो नाही. कुठे आहात, हेही विचारलं नाही. फोन टेबलावर होता, नकाशा उघडा, आणि त्यावरचा ठिपका पुलावर. मी त्याच्याकडे बघायचं सोडून दिलं होतं.

"बाबा, ठेवू का आता?" ते म्हणाले.

"बोला हो अजून थोडं."

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. ही धावली. ठिपका अजून पुलावरच होता.